विंगेतली कदेल

आमच्या गावात नाटकात काम करणाऱ्याने भाषणं पाठ करायची नसतात. मोपाच्या सड्याखाली, म्हणजे पठाराखाली, गोव्याच्या पेडणे महालात आमचं गाव. देवीच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं, आणि हा नियम कुणी घालून दिला ते देवीलाच ठाऊक. पाठ करून येणारा शिष्ट समजला जातो. शिवाय तो प्रॉम्प्टरचा अपमान. त्याला मग विंगेत काय झोपा काढायला बसवलाय?

आमचे प्रॉम्प्टर म्हणजे माझे शेजारी कृष्णनाथकाका. जन्म काढला डिचोलीच्या एका खाणीवर टायमकीपर म्हणून, पण गावाला त्यांची ती ओळख कधी पटलीच नाही. जत्रेच्या दिवशी डाव्या विंगेत एक लाकडी कदेल, म्हणजे खुर्ची, ठेवली जायची आणि मांडीवर पुस्तक घेऊन काका तिच्यात बसायचे. अख्खं नाटक आधी ते हळूच बोलायचे आणि मग आम्ही ओरडून. मी सेनापती. मला वाक्यं मोजकीच, पण तीही त्यांच्याकडूनच घेतलेली. उजेडात उभं असताना कानामागून तो आवाज यायचा आणि वाटायचं, कुणी सांगत नाहीये, आपल्यालाच हे कधीचं आठवतंय. इतका मऊ आवाज मी पुन्हा ऐकला नाही. घरातही ते तसंच कुजबुजत. त्यांची बायको सत्यवतीकाकी म्हणायची, "लग्न जावन इतलीं वर्सां जालीं, पूण ह्या मनशान माका केन्ना मोट्यान हांक मारूंक ना." तक्रार होती की कौतुक, ते मला आजही सांगता येणार नाही.

ही गोष्ट गोवा राज्य झालं त्या वर्षाची. राजभाषेवरून गावाचे दोन तट पडले होते. आमचा राजा गुरुदास कोंकणीच्या बाजूचा आणि प्रधान सदाशिव मराठीच्या. दोघे एकमेकांचं तोंड बघत नसत. तरी राजाचा मुकुट चढवला की हाच गुरुदास मराठीत अशी गर्जना करायचा की देवळावरची कबुतरं उडावीत, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर मलाही नाही.

त्या वर्षीच्या चवथीला गणपती पोचवून आल्यावर काका ओसरीवर टेकले आणि त्यांना उठताच येईना. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. म्हापशाच्या इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "चालवा, बोलतं ठेवा, माणसांत ठेवा."

माणसांना आमच्याकडे तोटा नाही. रोज कुणी ना कुणी केळी घेऊन, बिस्किटं घेऊन यायचंच. काका तोंड उघडून "ता... ता..." करायला लागले की सगळी ओसरी धावून जायची. तांब्या? ताक? तांदूळ? ताप आलाय? त्यांना काय हवं ते मिळायचं, कधी नको तेही मिळायचं, पण शब्द त्यांचा त्यांना कुणी काढू देत नव्हतं. जन्मभर ज्याने गावाला प्रॉम्प्ट केलं, त्याला आता गाव प्रॉम्प्ट करू लागलं होतं. सगळे प्रेमाने करत होते, म्हणून थांबवणार तरी कसं? काकांनीच मग बोलायचं सोडलं. उठणंही सोडलं. नुसते जनेलातून, म्हणजे खिडकीतून, सड्याकडे बघत पडलेले असायचे.

पुढे कधीतरी त्यांनी मला त्या दिवसांबद्दल सांगितलं. शब्द दिसायचे म्हणे, अगदी स्वच्छ दिसायचे, तळीतल्या माशांसारखे. हात घातला की खाली जायचे. आणि कुणी वरून भलताच मासा हातात ठेवला की खालचे सगळे पळून जायचे.

काकीही सुकत चालली होती. रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही. त्यांचा मुलगा अविनाश वास्कोला बंदरात नोकरीला होता. दर रविवारी धावत यायचा. गुणी मुलगा, पण घाईचा. त्याने ठरवून टाकलं, जत्रा झाली की दोघांना वास्कोला न्यायचं. तिथे डॉक्टर जवळ, फ्लॅटला लिफ्ट. "बाबा, वास्कोक येतले न्हय?" असं त्याने विचारलं. काकांचे ओठ हलू लागले तेवढ्यात तोच काकीकडे वळून त्यांच्या वतीने हो म्हणाला, "हय म्हणटात." काकांनी डोळे मिटून घेतले. मी तिथेच होतो, आणि मला फार वाईट वाटलं. पण त्यांना खरंच काय म्हणायचं होतं ते मला तरी कुठे माहीत होतं?

इकडे नाटकाचे दिवस जवळ आले. तालमीला काकांच्या जागी आम्ही महेशला बसवलं. माझा चुलतभाऊ, चांगला शिकलेला. त्याने पुस्तक उघडलं आणि जे छापलंय ते सगळं वाचून काढलं. कंसातलंसुद्धा. राजाने सिंहासनावरून उठून "प्रधानजी, रागाने येरझारा घालत" अशी डरकाळी फोडली, तेव्हा सदाशिव पोट धरून खाली बसला. त्या वर्षी ते दोघे पहिल्यांदा एकमेकांशी बोलले ते त्या संध्याकाळी. या पोराकडून काही होणार नाही, यावर दोघांचं एकमत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळी मंडळी काकांच्या ओसरीवर. आजाऱ्याला बघायला कुणी आलं नव्हतं, नडलं होतं म्हणून आलो होतो. गुरुदासने काकांना उचलून कदेलीत बसवलं, डाव्या हाताखाली पुस्तक ठेवलं आणि म्हणाला, "आमकां उतरां येनात, काका. तुमी सांगलें ना जाल्यार आमी फुडें कशें वचप?"

शब्द आम्हाला येत नव्हते हे खरंच होतं, त्यांनी सांगितल्याशिवाय पुढे जाणार कसे? मग तो ओसरीच्या मधोमध राजासारखा उभा राहिला आणि थांबला.

काकांचे ओठ हलले. "प्र..." आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मदत करावी असं प्रत्येकाला वाटत होतं, पण कुणाला काही येतच नव्हतं. पुढचा शब्द त्या घरात एकट्या त्यांच्यापाशी होता. सड्यावरून सुक्या गवताचा वास येत होता, चुलीवर चहा उकळत होता, आणि गुरुदास एक हात वर करून तसाच उभा. किती वेळ गेला कोण जाणे. "प्रधा... नजी," काका म्हणाले. गुरुदासने तो शब्द उचलला आणि पुन्हा थांबला.

त्यानंतर रोजची संध्याकाळ तशीच. एवढं संथ नाटक मी जन्मात पाहिलं नाही. युद्ध सुरू व्हायचं आणि अर्ध्यावरच सगळे तलवारी उगारून उभे, कारण पुढचं वाक्य अजून वाटेवर असायचं. मला तर कधीकधी उभ्याउभ्या डुलकी लागायची, आणि डुलकीतही नाटक तेवढंच पुढे सरकलेलं असायचं. बायका चहा करायला येऊ लागल्या, काकी त्यांच्याबरोबर चार घास खाऊ लागली. काकांना राजाचा चेहरा दिसायला हवा असायचा, म्हणून ते काठी टेकून उठू लागले. मग ओसरीच्या कठड्यापर्यंत, मग अंगणात. डॉक्टरांनी सांगितलेली कसरत आम्ही कुणी त्यांच्याकडून करून घेतली नव्हती. सेनापती नको तिथे उभा राहतो, म्हणून मला काठीने ढोसायला ते उठायचे.

जत्रेला कदेल विंगेत आली आणि काका तिच्यात बसले. पण आजाराने त्यांची कुजबुज हरवली होती. शब्द निघायचा तो जोर लावून, मोठ्यानेच निघायचा. त्यामुळे लोकांनी ते नाटक दोनदा ऐकलं, आधी विंगेतून अडखळत आणि मग राजाच्या तोंडून. "प्रधानजी, ज्या राज्यात... कुणाच्या दाराला... कडी लागत नाही..." एरवी प्रॉम्प्टरचा आवाज बाहेर आला की आमचे लोक शिट्ट्या मारतात. त्या दिवशी कुणी मारली नाही. अविनाश पुढच्या रांगेत बसला होता. तो राजाकडे बघतच नव्हता. त्याचं तोंड सारखं विंगेकडे.

सकाळी भाड्याची गाडी दारात आली. पिशव्या ओसरीवर बांधून ठेवलेल्या. काकी तुळशीपाशी घुटमळत होती. मी निरोप द्यायला म्हणून गेलो होतो.

"बाबा," अविनाश म्हणाला, "येतले न्हय?"

काका डाव्या हाताने काठी टेकून उभे होते. ओठ हलू लागले. "हांव..."

अविनाशने तोंड उघडलं. शब्द त्याच्या ओठावर आलेला मला दिसला. मग त्याने तोंड मिटलं. गाडीवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा त्याच्याकडे न बघता अविनाशने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, काल राजाने धरला होता तसा.

"हांव... हांगा... रावतां," काका म्हणाले. इथेच राहणार. आम्हाला वाटलं, झालं. पण ते अजून बोलत होते. अविनाश थांबला.

"हांगा... म्हजी... गरज आसा."

वर धरलेला हात अविनाशने खाली घेतला. मग त्याने पिशव्या उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या.