दादाच्या गरम खोलीचा कंट्रोलर

दादाच्या शेतातल्या घरी सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, बसवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ कंट्रोलर निवडण्यात गेला. खोली लवकर झाली. घराच्या मागच्या बाजूला, जिथं पूर्वी खताची पोती ठेवत, तिथं सुतारानं आतून लाकडी फळ्या मारल्या, चढत्या दोन बैठका केल्या, बाहेर उघडणारं दार लावलं. विजेची शेगडी आणि तिच्यावर ठेवायचे काळे दगड वारंगा फाट्यावरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात येऊन पडले होते. दादानं ते स्वतः जाऊन आणले. राहिला तो भिंतीवरचा डबा. शेगडी कधी सुरू व्हावी, किती तापावी आणि कधी थांबावी, हे ठरवणारा.

तो निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण माहितीपत्रकं इंग्रजीत होती आणि घरात सावकाश वाचणारा मीच. मी वसमतच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. शिकवलं कधीच नाही, तरी दादा मला जन्मभर मास्तरच म्हणत आला.

सॉना हा शब्द आमच्या घरात आला तो पुतण्यामुळे. तो उत्तरेकडच्या एका थंड देशात इंजिनियर आहे. दादा-वहिनी एक हिवाळा त्याच्याकडे राहून आले. दादा परत आला तो बर्फाबद्दल एक अक्षर न बोलता. बोलला ते फक्त त्या गरम खोलीबद्दल. त्याचे गुडघे कित्येक वर्षं आखडलेले होते, हळदीच्या वाफ्यात बसला तर उठायला दोन माणसं लागायची. तिथं त्या लाकडी बैठकीवर घाम गाळल्यावर गुडघे मोकळे झाले म्हणाला. पुतण्यानं लगेच ठरवलं की बाबांना इथंही तशी खोली करून द्यायची.

पण दादाच्या छातीत, हृदयाच्या नळीत, जाळी बसवलेली होती. नांदेडच्या डॉक्टरांना विचारायला मीच सोबत गेलो. त्यांनी थोडा विचार करून होकार दिला, तोही अटी घालून. उष्णता कमी ठेवायची, थोडाच वेळ बसायचं, आणि आत झोप लागता कामा नये. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारलं. खाली उतरताना दादा जिन्याच्या कठड्याला धरून हसत होता, पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट बसली. तापवणं सोपं आहे. वेळेवर थांबलं नाही तर हा माणूस जाईल.

त्या उन्हाळ्यात मी तीन माहितीपत्रकं ओसरीवर बसून वाचली. एक कंट्रोलर अगदी साधा होता, शेगडीवरच फिरवायची किल्ली, घड्याळासारखी. दुसरा पूर्ण फोनवर चालणारा, जगात कुठूनही सुरू करता येणारा. पुतण्याला तोच हवा होता.

"काका, फोनवालाच घेऊ," तो व्हिडिओवर म्हणाला. "बाबा शेतातून येईपर्यंत मी इथून खोली तापवून ठेवीन."

"आन मी आलोच न्हाई तर?" दादा मागून म्हणाला. "मग काय, तिथून विझवशील?"

"विझवीन की बाबा. सगळं दिसतं फोनवर."

तिसरा मला पटला. त्याला फोन जोडता येत होता, पण तो फोनच्या आधी माणसाला मानत होता. कोणीतरी आत जाऊन शेगडीवर काही पडलेलं नाही हे पाहायचं, बाहेर येऊन दार लावायचं, डब्यावरचं बटन दाबायचं. तेव्हाच तो सुरू होई. ठरलेली वेळ संपली की आपण होऊन बंद होई. आणि वीज जाऊन परत आली तर गप्प राही, पुन्हा कोणी येऊन बटन दाबेपर्यंत. हे शेवटचं कलम मी पेन्सिलीनं अधोरेखित केलं. आमच्याकडे तीन फेजची वीज पाळीनं येते, आणि आली तरी धड टिकत नाही. त्या कलमातच सगळं होतं.

"काहून रे मास्तर, इतकं काय वाचून राहिला?" दादा म्हणाला. "डबाच तर हाय."

"शेगडी कोणतीही तापेल दादा. थांबवायचं काम या डब्याचं."

"थांबवायला मी हाय की," वहिनी आतून बोलल्या. "पन माझं ऐकतंय कोन? डब्याचं तरी ऐकतील."

"हळद शिजली का न्हाई ते मला वासावरून कळतं," दादा म्हणाला. "त्याला कोनता डबा लागत न्हाई."

"ती तुला बाहेरून कळते. आत तू बसणार आहेस."

वहिनी दारात आल्या. "ह्यांना आत झोप लागली म्हंजे ढोल वाजवला तरी उठायचे न्हाईत. उकडून निघाल तवा हळदीवानी उन्हात वाळत घालते, बराबर भाव येईल."

दादा इतका हसला की त्याला खोकला लागला. मीही हसलो. पुतण्या पडद्यावर हसत होता, आवाज थोडा उशिरा पोचत होता. शेवटी ठरलं माझं. पुतण्यानं फोनवर खोलीची उष्णता पाहायची; लाईट नसतानाही ती बॅटरीवर दिसत राही. सुरू करायचं ते इथल्या माणसानंच.

खोली सुरू झाली तो हिवाळा चांगला गेला. दादा दुपारी बसायचा, वहिनी दाराबाहेर खुर्ची टाकून गवार मोडत किंवा हरभरा सोलत. मधूनमधून हाक मारत, आतून हुंकार येई. पुतण्या तिकडून बघायचा आणि लिहायचा की आज छान तापली. दादा बाहेर येऊन खाटेवर पडला की त्याच्या अंगाला लाकडाचा वास येई. गुडघ्यांना खरंच उतार पडला होता. दिवाळीनंतर एकदा त्यानं मला बांधापर्यंत चालून दाखवलं, आणि परत येताना हात झटकून माझा आधार नाकारला.

त्रास विजेचा होता. दादा वरच्या बैठकीवर जरा आडवा होतो न होतो तोच लाईट जायची. डबा बंद. थोड्या वेळानं लाईट यायची, डबा गप्पच. मग ओल्या अंगानं उठायचं, गुडघे सांभाळत उतरायचं, बाहेर येऊन बटन दाबायचं. पुन्हा आत जाऊन बसतो तर पुन्हा लाईट गुल. वहिनी घरात असल्या तर त्या दाबायच्या, पण हळदीच्या दिवसांत त्या शेतात असत.

संक्रांतीनंतर मी गेलो तेव्हा कंट्रोलरच्या शेजारी दुसरा एक लहान डबा दिसला. तो ओळखायला मला इंग्रजी लागलं नाही. आमच्या भागात प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक बोअरवर तो असतो. त्याला सगळे ऑटो म्हणतात. लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून माणूस मोटारीला ऑटो लावून घरी जातो. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते, पाणी सरीतून वाहतं. दादाला त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. विहिरींच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या मिस्तरीला त्यानं बोलावलं, आणि कंट्रोलरला बाहेरचं बटन जोडायची जी जागा होती तिथं मिस्तरीनं ऑटोच्या तारा जोडून दिल्या. आता लाईट आली की ऑटो बटन दाबल्यासारखं करायचा, आणि डब्याला वाटायचं की माणूस आला.

"हे काय केलंस दादा?"

"तकलीफ संपली. आता पडल्या पडल्या सुरू होते."

"लाईट गेल्यावर तू आत पडून राहिलास, डोळा लागला, आणि लाईट आली तर? दर वेळी डबा पहिल्यापासून वेळ मोजेल. थांबणारच नाही."

"मी काय लेकरू हाय? गरम झालं तर उठंन की."

मी ऑटोवरचा खटका मॅन्युअलकडे फिरवला. त्याच्यावर एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला मॅन्युअल असं लिहिलेलं असतं. मग वहिनींना बोलावलं आणि दोघांसमोर सांगितलं की हा खटका इकडेच राहील आणि मिस्तरीला सांगून हा डबा काढून टाकायचा. दादानं मान हलवली. माझ्यासमोरच मिस्तरीला फोन लावला. मिस्तरी म्हणाला, मोटारींचं काम फार आहे, हळद निघू द्या, मग येतो.

"घे, झालं समाधान?" दादा म्हणाला. मला वाटलं, झालं.

ती हळद काढणीची दुपार होती. त्या आठवड्यात तीन फेजची पाळी दिवसाची होती. वहिनी हट्टा गावी भाचीच्या लेकराच्या बारशाला गेल्या होत्या. शेताच्या पलीकडच्या टोकाला तांड्यावरच्या मजूर बायका हळद खोदत होत्या. घराशी दादा एकटा. जेवण झाल्यावर गुडघे दुखतात म्हणून तो आत गेला असावा. फोन त्यानं खाटेवर ठेवला होता.

वहिनी परतल्या तेव्हा ऊन कललं होतं. त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, शेजाऱ्यानं मला फोन केला. मी वसमतहून पोचलो तोवर दादाला ओसरीवर आणून ठेवलं होतं. गावातले डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं, झोपेत गेले, असं ते सांगून गेले होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. वरच्या बैठकीवर टॉवेलची नीट घडी होती, उशीसारखी, मध्ये खोलगट. दार सताड उघडं असूनही खोलीतून ऊब बाहेर येत होती. कोणीतरी मेन स्विच पाडला होता. ऑटोचा खटका ऑटोकडे होता.

वहिनी मागाहून एवढंच म्हणाल्या, "दर टायमाला उठावं लागते म्हनून फिरवला असंल. मला कुठं सांगतात?"

पुतण्या तिसऱ्या दिवशी पोचला. लोक भेटायला येत होते, चहा होत होता, प्रत्येक जण म्हणत होता की झोपेतलं मरण नशीबवानाला येतं. तो सगळ्यांपुढे हात जोडत होता. संध्याकाळी तो मला गरम खोलीच्या दाराशी घेऊन गेला आणि फोन पुढे केला. त्यावर त्या दुपारच्या उष्णतेची रेघ होती. चढलेली, उतरलेली, परत चढलेली. पुन्हा उतरलेली. प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा उंच.

"मी हे पाहत होतो काका," तो म्हणाला. "ऑफिसात बसून. तिकडं लोक असंच करतात. आत बसतात, दार उघडून बाहेर येतात, गार होतात, परत आत जातात. रेघ अशीच दिसते. मला वाटलं, बाबा आज मजेत आहेत."

त्यानं दादाला तसं लिहिलंही होतं. तो निरोप खाटेवरच्या फोनमध्ये न वाचलेला पडला होता.

"डबा खराब निघाला का?" त्यानं विचारलं. "आपण चुकीचा घेतला का?"

खोटं सांगणं सोपं होतं, आणि त्याला थोडं हलकंही वाटलं असतं. पण तो पुन्हा ती रेघ उघडून बसेल, रोज बसेल, आणि एक ना एक दिवस त्याला ती वाचता येईल, हे मला दिसत होतं.

"डबा चांगला होता," मी म्हणालो. "लाईट गेली की दर वेळी बंद झाला. पण लाईट आली की बाहेरून कोणीतरी बटन दाबत होतं."

"कोण?"

मी भिंतीवरच्या त्या लहान डब्याकडे बोट केलं. त्यानं जवळ जाऊन त्याच्या तारा कुठं जातात ते पाहिलं. इंजिनियर आहे. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. मग तो खाली मातीत बसला. रडला नाही. फोनवरची रेघ बोटानं मोठी करून एकेका उतारावर थांबत राहिला. बाबांना उठून बाहेर येता आलं असतं असा नेमका कोणता उतार, ते शोधत होता बहुतेक. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला नाही.

जाण्याआधी त्यानं स्वतः शेगडीच्या तारा सोडवल्या, दगड उचलून बाहेर काढले, दोन्ही डबे उतरवले. मिस्तरी येऊन वहिनींच्या पायाशी बसून गेला होता. त्याला कोणीच दोष दिला नाही. त्यानं दादाच्या घरात तेच केलं होतं जे तो गावातल्या प्रत्येकाला करून देत होता.

मी आता बऱ्याचदा वहिनींकडे राहतो. त्या घरात एरवी पंखा एका फेजवर हळू फिरतो; तीन फेजची लाईट आली की त्याचा आवाज बदलतो. परवा दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. पंख्याचा आवाज बदलला. वहिनींनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि उठल्या.

"वहिनी, कुठं निघालात?"

"पाहून येते जरा."

"तारा काढल्यात सगळ्या. शेगडी नाही तिथं."

"मायती हाय मला."

मी मागोमाग गेलो. त्यांनी ते दार उघडलं, वरच्या बैठकीकडे पाहिलं, मग वाकून खालचीही पाहिली. आत गार होतं. "काही न्हाई," त्या मला म्हणाल्या, जणू मीच विचारलं होतं. आम्ही परत वळतो तोच लाईट गेली. मी त्यांना ताटावर चला म्हणालो. त्या हलल्या नाहीत. चौकटीला हात धरून तिथंच उभ्या राहिल्या. लाईट आता कधीही येईल म्हणाल्या, आणि ती येईल तेव्हा दाराशी कोणीतरी असायला पाहिजे.