सरळ रेषेतली विहीर

"तुझी ती विहीर बंद आहे," डेल फोनवर म्हणाला.

"शक्यच नाही. माझ्या स्क्रीनवर चालू आहे," मी म्हणालो.

मी पिट्सबर्गच्या ऑफिसात, हातात गरम कॉफी. तो दोन तासांवर डोंगरात, कडाक्याच्या थंडीत, त्याच विहिरीला टेकून उभा. तरी वाद मीच घालत होतो. बायको म्हणते, हा माझा जुना गुण आहे.

मी गॅसच्या विहिरींवर प्रॉडक्शन इंजिनियर आहे. पेनसिल्व्हेनियात जमिनीखाली खूप खोल शेल नावाचा पापुद्र्यांचा खडक आहे. त्याला भेगा पाडल्या की अडकलेला गॅस सुटतो. खडक फोडणारे येतात, फोडतात आणि जातात. मागे उरतो तो रोज विहिरींवर फेरी मारणारा माणूस. त्याला पंपर म्हणतात. डेल आमचा पंपर. सगळं आयुष्य याच कामात गेलेलं.

त्या आठवड्यात मी एक प्रेझेंटेशन बनवत होतो. विषय: सेन्सर बसवलेत, तर पंपरची रोजची फेरी हवी कशाला? शुक्रवारी आमची बॉस कॅरन निर्णय घेणार होती. तिने हो म्हटलं तर डेलची नोकरी जाणार, हे मलाही ठाऊक होतं आणि डेललाही. प्रयोग म्हणून 'या विहिरीवर आठवडाभर जाऊ नकोस' असं मीच त्याला सांगितलं होतं.

"तुला तिकडे जायचं नव्हतं ना?"

"रस्त्यात लागली."

ती कुठल्याच रस्त्यात लागत नाही.

"डेल, तीन दिवस गॅसचा आकडा जराही हललेला नाही. एकदम स्टेबल."

"माझं ब्लडप्रेशर एवढं स्टेबल नसतं, आणि मी गोळ्या घेतो. पाइपला हात लावून उभा आहे मी. गॅस वाहत असला की पाइप थरथरतो. हा थंडगार पडलाय."

मी स्क्रीनवरचा ग्राफ पुन्हा नीट बघितला. शेलच्या विहिरीचा गॅस सतत थोडा खालीवर होतो आणि हळूहळू घटत जातो. हे मी नव्या इंजिनियरांना शिकवतो. पण ग्राफ फुटपट्टीने आखल्यासारखा आला, तेव्हा मी त्याला हिरवा रंग देऊन स्लाइडवर चिकटवला होता.

गाडी काढली. डेलने मीटरच्या बोटाएवढ्या नळ्या दाखवल्या. मीटर या नळ्यांतून दाब मोजतो आणि त्यावरून गॅसचा हिशेब करतो. नळ्यांतलं पाणी गोठलं, दाब आत कोंडला आणि आकडा तिथेच थिजला. तिकडे मोठ्या पाइपमध्ये गॅस आणि पाण्याचा बर्फासारखा बोळा बसलेला. डेलने दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू उतरवला, बोळा विरघळवायला मेथॅनॉल सोडलं. मी मदत म्हणून पाना दिला. चुकीच्या मापाचा.

दुपारी पाइप थरथरला.

"शुक्रवारी हे सांगणार आहेस?" डेलने माझ्याकडे न बघता विचारलं.

"स्लाइड तयार आहे," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

शुक्रवारी मी तीच स्लाइड लावली.

"सुंदर," कॅरन म्हणाली. "मग प्रॉब्लेम काय?"

"हे एवढं सुंदर दिसत होतं, तेव्हा विहीर बंद होती."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"डेलच्या."

"आणि तू काय करत होतास?"

"रंग निवडत होतो."

रोजची फेरी कायम राहिली. नळ्यांना हीटर बसले. शिवाय हिवाळा संपेपर्यंत आठवड्यातून एकदा मी डेलबरोबर फेरीला जायचं, असंही कॅरनने ठरवून टाकलं. ही माझी शिक्षा की डेलची, यावर अजून मतभेद आहेत.

मी मात्र एवढं शिकलो: विहीर फारच शहाण्यासारखी वागायला लागली, की कौतुक नंतर करावं. आधी कुणाला तरी हात लावून बघायला सांगावं.