वाय आधी, एक्स नंतर

छापखान्यात तिला तोंडावर सगळे काकू म्हणत आणि पाठीमागे शिस्तबाई. गणिताच्या पुस्तकांचा मजकूर छपाईसाठी जुळवण्यात तिची हयात गेली होती. लेखक घाईत ‘वाय गुणिले एक्स’ लिहून देत. ती कुणाला न विचारता ‘एक्स गुणिले वाय’ करून टाकी. बे त्रिक सहा, तीन दुणेही सहाच. मग जरा नीटनेटकं दिसलं तर कुणाचं काय बिघडलं? उलट लेखक प्रस्तावनेत तिचे आभार मानत.

आणि आता हे पुस्तक! ‘अक्रमनिरपेक्ष भूमिती आणि भौतिकशास्त्र’. नाव घेतानाच जीभ अडखळे. तपासायला दिलेलं प्रूफ लेखकाकडून दुसऱ्यांदा लालेलाल होऊन परत आलं, तेव्हा मालकांनी हात टेकले.

“काकू, आणखी एकदा असं परत आलं, तर विज्ञानाची सगळी कामं बाहेर देणार मी.”

म्हणजे तिनं उरलेली वर्षं पत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवायची! तिनं थेट पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकांनाच बोलावून घेतलं.

“एका ओळीत एक्स-वाय, दुसऱ्या ओळीत वाय-एक्स. एकदा काय ते ठरवा की!”

“अहो, ठरवूनच लिहिलंय!” प्राध्यापकांचाही पारा चढला होता. त्यांनी तिच्या टेबलावरचे दोन कोरे कागद ओढले. एकाची घडी घातली, पंचिंग मशीननं भोक पाडलं आणि कागद उलगडला. दोन भोकं. दुसऱ्याला आधी भोक पाडलं, मग घडी घातली आणि उलगडला. एकच भोक.

“हे तुम्ही मला शिकवताय? छापखान्यात?” काकू म्हणाली. “तो कागद आहे. ही अक्षरं आहेत.”

“इथे अक्षरं म्हणजे कृतीच आहेत, काकू. कणाची जागा आधी मोजली की वेग आधी, यावर उत्तर बदलतं. ‘अक्रमनिरपेक्ष’ म्हणतात ते हेच. आम्ही एक पाऊल पुढे जातो. खुद्द अवकाशच तसा असेल तर? एक्स म्हणजे आडवं किती, वाय म्हणजे उभं किती. अतिसूक्ष्म पातळीवर दोन्ही एकाच वेळी नेमकं सांगता येत नाही. म्हणजे बिंदूच उरत नाही.”

“बिंदूशिवाय भूमिती? मग उरतं काय, माझं डोकं?”

“एक्स-वायचा हा गुणाकार उरतो. त्यातूनच अंतर काढायचं, वक्रता काढायची. गुरुत्वाकर्षण आणि कणांमधली बलं एकाच भूमितीतून निघावीत, यासाठी ही सगळी खटपट.”

“निघाली का?”

“थोडीफार. प्रयोगानं सिद्ध व्हायचंय अजून.”

“आणि तोवर मी मरायचं!”

“‘एक्स-वाय वजा वाय-एक्स’, ही वजाबाकी म्हणजे पुस्तकाचा जीव. तुम्ही वाय-एक्स सरळ केलंत. उरलं काय? एक्स-वाय वजा एक्स-वाय. शून्य! पानोपानी माझं संशोधन शून्य करून ठेवलंत तुम्ही.”

काकू चरफडत पहिल्या पानापासून बसली. वाय-एक्स दिसलं की बोटं शिवशिवत. ती दातओठ खाऊन तसंच ठेवी.

प्रूफ परत आलं, तेव्हा त्यात लाल खूण एकही नव्हती. मालकांनी विज्ञानाचं पुढचं हस्तलिखित तिच्या टेबलावर ठेवलं. प्रुफात एका वाय-एक्सपाशी मात्र प्राध्यापकांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘इथे साध्या संख्या आहेत. क्रम बदललात तरी चालेल.’

“चालेल म्हणे!” काकू कडाडली. “आता? आता मी हात लावणार नाही!”

आणि तिनं तो गुणाकार तसाच, वाय आधी, एक्स नंतर, छापायला पाठवला.