घळीतला रिव्हर्स

ऐंशी सालानंतरची गोष्ट, आम्ही कतारला होतो तेव्हाची. एका शुक्रवारी नवऱ्याची मान धरली होती, आणि तरीही त्यांना नवी जीप वाळवंटात घालायची होती. एसीच्या झोतात झोपलं की असंच होतं, पण सांगणार कोण! मी दडपे पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसले.

गाडी चालवायच्या परीक्षेत मी लागोपाठ नापास झाले होते. दर वेळी रिव्हर्स घेताना खांब पाडायचे. गेल्या खेपेला परीक्षक "खलास!" म्हणाला आणि घरी आमचे साहेबही तेच म्हणाले. पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही, असा त्यांचा हुकूम. मला मात्र बाजारात, मैत्रिणींकडे आपली आपण जायचं होतं. दिवसभर घरात बसून मी अगदी विटले होते.

झिक्रीत गावाच्या पुढे चुनखडीच्या टेकड्यांत एक घळ लागली. दगडांवरून गाडी अशी उडत होती की पोहे केव्हाच पायाशी सांडले. भिंती जवळ येत गेल्या, आरसे मिटून घ्यावे लागले, आणि एका वळणावर दरडच कोसळलेली. दार जेमतेम उघडत होतं, गाडी वळवायला जागाच नाही. मागेच जायचं, आणि ह्यांना तर मान वळवता येईना!

"तुम्ही उतरा," मी म्हटलं.

"अगं, तुला लायसन्स नाही!"

"इथे विचारायला कोण येतंय? उंट?"

ते मागे जाऊन उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हे उलटं चालत, ठेचकाळत ओरडत होते, "डावीकडे! अगं माझ्या डावीकडे!" मला तर हसू आवरतच नव्हतं. बंपर एकदा भिंतीला घासला. मी म्हटलं, घासू दे. कधी नव्हे ती इतकी मजा येत होती!

शेवटी घळ संपली, मोकळा माळ आला. हे धापा टाकत माझ्या दाराशी आले.

"छान. उतर आता."

"फॉर्म भरायचा का?"

"बघू."

मी आतून दोन्ही दारं लॉक केली. त्यांनी हँडल ओढून पाहिलं, मग उन्हात घाम पुसला.

"भरू," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं!"

"भरू गं बाई, भरू!" माझा नवरा त्या निर्मनुष्य माळावर ओरडला.

मग मी दार उघडलं. पलीकडचं.