विठ्याचा घाट आणि सासूबाईंचा गुडघा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून संगमनेरहून भंडारदऱ्याला जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. मागच्या बाजूला भट्टी बांधलेली. सपाटीला ती कशीबशी पळे. चढ दिसला की तिचा जीव जाई.

माझं लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता आणि परवा हे नोकरीवर मनमाडला परतणार होते. तिकडे बिऱ्हाड मिळेपर्यंत मी सासरीच राहायची. घर माणसांनी भरलेलं. महिनाभर आमचं बोलणं म्हणजे "पाणी" आणि "आणते". जाण्याआधी निदान एकदा धड बोलावं, म्हणून यांनी धरण बघायची टूम काढली. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते." त्या निघाल्या म्हणून त्यांच्या नणंद, आमच्या आत्याबाई, निघाल्या. झालं! मोटारीत मी दोघींच्या मधे आणि हे पार पुढे ड्रायव्हरशेजारी. डोंगर, झाडी, प्रवरेचं पात्र, सगळं मला आत्याबाईंच्या खांद्यावरून दिसत होतं. असा संताप आला होता!

विठ्याच्या घाटात मोटारीनं आचके दिले आणि ती थांबली.

"उतरा समदे!" ड्रायव्हर ओरडला. "चालत वर जावा. रिकामी गाडीच चढंल."

आत्याबाई पदर खोचून उठल्या. तेवढ्यात सासूबाईंनी गुडघा धरला. "अगं आई गं! वन्सं, मला नाही हो चालवत. तुम्ही बसा माझ्याजवळ."

"आणि ही एकटी जाणार?"

"एकटी कशी? तो आहे ना."

अर्धा घाट आम्ही मुक्यानंच चढलो. मग करवंदांची जाळी लागली. यांनी टोपी भरून करवंदं तोडली, एक माझ्यापुढे धरलं आणि गंभीरपणे विचारलं, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा पोराटोरांचा खेळ. नवऱ्याचा मला पहिला प्रश्न हा! मी म्हटलं, "कोंबडा." निघाली कोंबडी. मला जे हसू फुटलं, त्यानंतर दोघांचीही तोंडं थांबेनात. मनमाडच्या खाणावळीतली पाणीदार आमटीसुद्धा मी मन लावून ऐकली. माथ्यावर मोटार आम्हाला गाठायला आली, तेव्हा मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

धरणाच्या पायऱ्या सासूबाई सगळ्यांच्या पुढे चढल्या. आत्याबाई मागून धापा टाकत म्हणत होत्या, "अहो वहिनी, गुडघा!"

"इथली हवा मानवली," वरून उत्तर आलं.

परतताना घाटात उतार. मोटार झकास पळू लागली आणि माझं तोंड उतरलं.

"थांबव रे!" सासूबाई ओरडल्या. "गाडी तापलीय."

"आई, उताराला गाडी कशी तापंल?" ड्रायव्हर म्हणाला.

"तापली म्हणते ना! तरण्या माणसांना चालू दे." एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात आत्याबाईंचा पदर.

ड्रायव्हरनं यांच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. "व्हय की, लई तापलीया," म्हणत त्यानं ब्रेक दाबला. "खालच्या वळनावर थांबतो."

मी उतरत होते, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "चार करवंदं माझ्यासाठीही आण गं. सकाळी नुसती तुझ्या जिभेवरच बघितली."