जे आहे तेच सांगायचं

नोकरी संपली, क्वार्टर सुटलं, सायकली भंगारात गेल्या, पण त्या रविवारांचे किस्से काही कमी होत नाहीत. गजानन भेटला की एक निघतो आणि त्याला धरून दुसरा. बायको म्हणते, "तुमचं चौघांचं अर्धं आयुष्य रस्त्यावर चहा पिण्यात गेलं." खोटं नाही ते.

चौघे म्हणजे मी, कारखान्याच्या स्टोअरचा कारकून; गजानन, टर्नर; कॉलनीच्या शाळेतले यादव मास्तर; आणि वयाने सगळ्यांत मोठे शालिकभाऊ, फिटर. सत्तरच्या दशकात जवाहरनगरच्या आमच्या सरकारी कारखान्यातली मंडळी सुटीच्या दिवशी सिनेमाला नागपूर गाठायची. आम्ही सायकलवर पडके किल्ले, जुनी देवळं, जुनी गावं बघत हिंडायचो. नियम एकच होता, घाई करायची नाही.

*

घाई न करण्याचं कारण शालिकभाऊ. लाखनीकडचं त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारं. कुठल्याही गावात शिरलो की ते आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायचे आणि मगच देवळाकडे वळायचे.

पहिल्यांदा पवनीला गेलो तेव्हा मास्तर किल्ल्याच्या दरवाजात उभे राहून आम्हाला इतिहास सांगत होते. भाऊ गायब! तासाभराने उगवले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात.

"मास्तर, राजा कोन होता ते तुमी सांगा," ते म्हणाले. "पन त्याले पानी कुठून येत होतं, ते मी पाहून आलो."

मास्तरांनी मुकाट्याने वही काढली आणि ते सगळं लिहून घेतलं.

*

पुढे एकदा लाखनीजवळ हायवेवर भाऊंची सायकल कडेला उभ्या असलेल्या ट्रकला घासली आणि भाऊ पडले. कोपर सोलवटलं होतं. गजानन धावला.

"भाऊ, एवढा मोठा ट्रक दिसला नाही तुमाले?"

भाऊ उतरलेली चेन बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "समोरचं दिसते रे. बाजूचं जाऊन राहिलं."

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघे एकमेकांकडे न बघता बसलो होतो. गेलो होतो त्यांना धीर द्यायला.

"त्यात काय," भाऊच म्हणाले. "तोवर पाहून घेऊ. मले एकडाव समुद्रातला किल्ला पाह्याचा आहे. आमी तलावाले पाळ घालतो त पानी अडवाले घालतो. त्यायनं पान्यातच भिंत उभी केली. कशी केली असन?"

*

आता सरकारी नोकरीत एलटीसी, म्हणजे रजेतल्या प्रवासाची सवलत, असते, पण चौघांची रजा एका वेळी मंजूर होणं कठीण. कधी माझं स्टॉक व्हेरिफिकेशन, कधी मास्तरांच्या परीक्षा. दोन वर्षं अशीच गेली. प्रत्येक वेळी रजा नामंजूर झाली की आम्ही भाऊंच्या डोळ्यांकडे बघायचो.

पहिल्या वर्षी ते गजाननच्या घंटीच्या आवाजामागे सायकल चालवत होते. गजानन चढावरही घंटी वाजवत राहायचा. दुसऱ्या वर्षी ते त्याच्या कॅरिअरवर बसायला लागले.

"हे बरं आहे," म्हणायचे. "पैडल गज्या मारते, हवा मी खातो."

*

अंबागडावर गेलो तेव्हा त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. जिथे जाऊ तिथे आम्ही सांगायचं आणि भाऊंनी हात लावून बघायचं, असं चाललं होतं. गजाननला वाटलं, माणूस एवढा चढून आलाय, त्याला काहीतरी चांगलं दिसावं.

"भाऊ, दरवाजाच्या दोन्ही बाजूले हत्ती कोरले आहेत. सोंडा वर."

भाऊंनी भिंतीवरून हात फिरवला. वर, खाली, परत वर. सपाट दगड.

"गज्या, हत्ती उतरून गेले का?"

आम्ही हसलो, पण भाऊ हसले नाहीत. "जे आहे तेच सांगत जा. नसन त नाही म्हन. तू दोन हत्ती लावले, त आता मास्तरनं सांगतलेला बुरूज बी मले खोटा वाटून राहिला."

उतरताना गजानन सगळ्यांच्या मागे चालत होता. रडत होता, हे आम्हाला कळत होतं. त्या दिवसापासून आमचा दुसरा नियम झाला.

*

अखेर रजा मिळाली. वरठी स्टेशनहून गाडी पकडली, दोनदा बदलली, मग एसटी. कोकणातल्या त्या गावात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. सकाळी भाऊ आमच्याआधी उठून, धुतलेलं धोतर नेसून तयार होते.

किनाऱ्यावर गेलो तर सगळीकडे धुकं. होडीवाला म्हणाला, आज होडी सुटायची नाही. परतीचं रिझर्वेशन झालेलं, एसटी अकराची. दहा वाजले तरी धुकं होतं तसंच.

भाऊ पाण्याकडे तोंड करून उभे होते.

"गज्या, किल्ला दिसते का?"

मी गजाननकडे बघत होतो. बोल खोटं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. इतक्या लांबून आलेला माणूस. लाव दोन हत्ती.

"नाही भाऊ," गजानन म्हणाला. "धुकं आहे."

"मास्तर, तुमाले?"

"नाही."

मला विचारलं. मीही नाही म्हणालो.

भाऊ लाटांच्या आवाजाकडे दोन पावलं पुढे गेले. मग त्यांनी चपला काढल्या, चाचपडत वाळूत बसले आणि शेजारी हात थोपटला.

"बसा मंग," ते म्हणाले. "आता मी सांगतो. पहिले त्यायनं पाळ टाकली असन."