पासिंगपुरते टायर

आमच्या चांदे गावात पासिंग आलं की टायर फिरतात. आरटीओत घासलेल्या टायरांवर गाडी पास होत नाही. मग ज्याचं पासिंग असेल तो दुसऱ्याचे नवे टायर मागून नेतो, आपले जुने त्याच्या गाडीला चढवतो, आणि गाडी पास झाली की संध्याकाळी ज्याचं त्याला परत. जमिनी विकून घरोघरी डंपर आले तेव्हापासूनची ही रीत. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट नाही म्हटलं तर माणूस कुचका ठरतो.

माझे थोरले दीर असेच आमच्या डंपरचे पुढचे दोन टायर घेऊन गेले. दोन्ही नवेकोरे. नवरा खडी घेऊन ताम्हिणीकडे जायचा, रस्ता सगळा वळणाचा आणि उताराचा, म्हणून मी डोकं खाऊन खाऊन त्याला ते घ्यायला लावले होते. "सांच्याला आणून देतो," म्हणाले दीर. कसली संध्याकाळ आणि कसलं काय! त्यांची गाडी पास झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याच टायरांवर त्यांच्या खेपा सुरू झाल्या. त्यांचे जुने आमच्या गाडीला तसेच राहिले.

मला टायरातलं कळतं. माझं माहेर ताम्हिणीचं, वडिलांचं रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान. शाळेतून आलं की आम्ही भावंडं दप्तर टाकून टायरांवरच बसायचो. टायरच्या नक्षीत ज्या खाचा असतात, त्यात मधे मधे रबराचे बारीक उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला, मग वरून तो कितीही काळाभोर दिसू दे. बाजूला भेगा पडल्या किंवा फुगा आला, तर वडील गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, हा पुढं लावू नका. मागची चाकं जोडीनं असतात, एक फुटलं तर दुसरं भार घेतं. पुढचं फुटलं की स्टेअरिंग ऐकत नाही.

दिरांचे टायर मी अंगणात उकिडवी बसून बघितले. नक्षी कुठली आणि उंचवटा कुठला, कळायला मार्ग नव्हता. ड्रायव्हरच्या बाजूच्या टायरला तर भेगेत माझं नख आत जात होतं, आणि तिच्याच शेजारी लिंबाएवढा फुगा. मी नवऱ्याला हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

"दिसतंय मला," हे म्हणाले. "आंधळा न्हाई मी."

"मग घेऊन या की आपले!"

"अगं, दादा हाय त्यो. दोन टायरांसाटी त्याच्या दारात जाऊन हुबा राहू व्हय?"

मग मीच गेले. दीर ओट्यावर खुर्ची टाकून मोबाईल बघत बसले होते. मी डोक्यावर पदर घेतला आणि सरळ म्हटलं, "भावजी, आमचे टायर पायजे होते. ह्यांना उद्या ताम्हिणीला जायाचंय."

त्यांनी मान वर केली नाही. "तुजा नवरा मुका हाय का? त्यो मागंल तवा बगू. आन् माजे टायर काय फुटलेत का? मी लई पळवलेत ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर ह्यांचा राग माझ्यावरच! गावात लाज घालवलीस, भावाभावांत लावालावी करतेस, काय काय बोलले. सकाळी गाडी काढताना मात्र जरा नरमले. "आजची खेप मारून येतो, मग मी सवता मागतो दादाकडं," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दादाकडं काही मागेन असं ते पहिल्यांदाच बोलले होते.

भरल्या गाडीचा तोच टायर ताम्हिणीच्या अलीकडे उतारावर फुटला. गाडी उजवीकडे ओढली गेली आणि डोंगराच्या अंगाला जाऊन आदळली. दरीकडे गेली असती तर आज हे लिहायला मी कुंकू लावून बसले नसते. माझ्या माहेरच्याच माणसांनी ह्यांना केबिनमधून ओढून काढलं. उजवा पाय केबिनमध्ये चेंगरला होता. पुण्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली काढावा लागला.

दीर दुसऱ्या दिवशी आले, शहाळी घेऊन. ह्यांच्या अंगावरची चादर पायाशी सपाट झालेली बघून ढसाढसा रडले. खोटं का बोलू, ते रडणं खरं होतं. मलाही भरून आलं. वाटलं, आता तरी बोलतील. डोळे पुसून बोलले, "गाडी काढायच्या आदी टायर तरी बगायचे की रं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "भावजी, ते टायर तुमचेच..."

"ए, गप!" हे ओरडले. ऑपरेशननंतर एवढा मोठा आवाज त्यांनी पहिल्यांदाच काढला. आणि मग भावाकडे बघून, अगदी हळू, "व्हय दादा. चूक माजीच. बगाय पायजे हुते."

दिरांचा चेहरा निवळला. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर थोपटलं, काळजी घे म्हणाले, मला काहीतरी औषधापाण्याचं सांगितलं आणि गेले.

मी खिडकीशी जाऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. वाटत होतं जिन्यावरून धावत जावं, त्या माणसाला गचांडी धरून मागे ओढून आणावं आणि त्या चादरीवर त्याचा हात ठेवावा. जरा शांत झाल्यावर ह्यांच्या उशाशी आले. म्हटलं, "पाय गेला हो तुमचा. अजून त्यांनाच सांभाळताय?"

हे दाराकडेच बघत होते.

"दादा एवढ्या लांबनं आला हुता," शेवटी म्हणाले. "त्येला च्या तरी पाजलास का?"